मांजराची त्वचा : खाज, चट्टे, केस जाणं – ओळखायचं कसं, उपचार काय?

काळी_मनी

मांजराच्या अंगावर उघडा चट्टा दिसला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : यावर कोणतं मलम लावायचं? मग प्रत्येकजण आपापल्या मांजराला लागू पडलेलं औषध सांगतो. सगळे मनापासूनच सांगतात. अडचण अशी आहे की मांजराच्या त्वचेकडे त्रास दाखवायच्या तऱ्हा अगदी मोजक्या आहेत, आणि त्याच तऱ्हा पूर्णपणे वेगवेगळ्या आजारांत दिसतात. दोन मांजरांचे फोटो हुबेहूब सारखे असले तरी एकाला पिसवांची अ‍ॅलर्जी असेल आणि दुसऱ्याला खाण्याची. म्हणून मलमाच्या आधी कारण कसं शोधायचं, यासाठी हा धागा काढतेय.

मी डॉक्टर नाही. सोडून दिलेली पिल्लं तात्पुरती सांभाळून त्यांना घर मिळवून द्यायचं काम करते, त्यात त्वचेच्या तक्रारी सतत समोर येतात. इथे जे पशुवैद्य आहेत त्यांनी भर घालावी.

तर त्या तऱ्हा. डोकं, मान, कानामागची जागा खाजवून रक्त काढणं ही एक. दुसरी म्हणजे चाटून चाटून केस काढून टाकणं. यात पोट, मांड्यांची आतली बाजू, कुशी उघड्या पडतात, पण खालची कातडी बहुतेक वेळा स्वच्छ असते. तिसरी डोळ्यांना दिसत नाही, हाताला लागते : पाठीवरून हात फिरवला की केसांखाली बाजरीच्या दाण्याएवढ्या खपल्या जाणवतात. चौथ्या तऱ्हेत वरच्या ओठाच्या कडेला व्रण होतो, किंवा पोटावर लालभडक ओलसर उंचवटे येतात, किंवा मागच्या मांडीवर लांबट घट्ट पट्टा उठतो. पिसवा, खाणं, परागकण, धुळीतले माइट्स (डोळ्यांना जेमतेम दिसणारे किंवा न दिसणारे बारीक किडे), कशाचीही अ‍ॅलर्जी या चारपैकी कुठल्याही रूपात येऊ शकते. एकाच मांजरात दोन रूपं एकत्रही दिसतात.

त्यात मांजर बरेचदा आपल्यासमोर चाटत नाही. आपण झोपल्यावर, बाहेर गेल्यावर, कपाटामागे जाऊन चाटतं. म्हणून "ती खाजवत नाही हो, केस आपोआप झडलेत" असं घरच्यांना खरोखरच वाटतं. खुणा दुसरीकडे सापडतात : ओकलेल्या केसांच्या गोळ्या वाढतात, विष्ठेत केस दिसतात, दातांच्या फटीत केस अडकलेले असतात, ठरलेल्या झोपायच्या जागी पुंजके पडतात.

घरी तपासताना भरपूर उजेडात, केसांच्या उलट दिशेने हात फिरवत थोडं थोडं अंग बघा. कानाची आतली बाजू, हनुवटी, नखांची मुळं, पंजांच्या गाद्या, शेपटीचं मूळ या जागा हमखास राहून जातात. त्याच दिवशी फोटो काढून ठेवा, कारण पुढे चट्टा वाढला की आटला हे डोळ्यांच्या आठवणीवर ठरवता येत नाही. आणि तीन गोष्टी लिहून ठेवा : आधी खाज होती की आधी चट्टा आला, घरातल्या दुसऱ्या प्राण्याला किंवा माणसाला काही झालंय का, आतापर्यंत काय काय लावलं किंवा पोटात दिलं. डॉक्टरांना याच तीन उत्तरांचा सगळ्यात जास्त उपयोग होतो.

उगाच घाबरायला नको म्हणून हेही सांगते. डोळा आणि कान यांच्या मधल्या जागेत मांजराला केस मुळातच विरळ असतात, तो आजार नाही. नारिंगी मांजरांच्या ओठांवर, नाकावर, पापण्यांच्या कडेला वयाबरोबर सपाट काळे ठिपके येतात, तेही निरुपद्रवी असतात. ठिपका उंच झाला, त्यातून रक्त आलं, तर मात्र दाखवून घ्या.

खिडकीतला_बोका

फार उपयोगी धागा. आमच्या मांजरीचं पोट आणि मागच्या पायांची आतली बाजू पूर्ण उघडी पडली आहे. कातडी गुळगुळीत, पुरळ नाही, खपली नाही. खाते-खेळते व्यवस्थित. ती कधीच घराबाहेर जात नाही, त्यामुळे पिसवांचा प्रश्न येत नाही असं मी धरून चाललोय. एकांनी सांगितलं की हे मानसिक ताणातून होतं, तिला खेळणी आणा. खेळणी आणली, फरक नाही. पुढे काय?

प्राणिवैद्य

@खिडकीतला_बोका, आधी केस गळताहेत की तुटताहेत ते ठरवावं लागेल. चट्ट्याच्या कडेचे थोडे केस उपटून मायक्रोस्कोपखाली बघतात, पाच मिनिटांचं काम आहे. टोकं निमुळती, अखंड असतील तर केस मुळातून गळताहेत. टोकं तुटलेली, चिरफाळलेली असतील तर मांजरीची काटेरी जीभ ते तोडते आहे. नव्वद टक्के दिशा इथेच ठरते.

चाटणं सिद्ध झालं तरी "ताण" हे निदान सगळ्यात शेवटी यायला हवं. 2006 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्यात मानसिक कारणाने केस काढतात असं समजून पाठवलेल्या 21 मांजरांची पद्धतशीर तपासणी केली. 16 जणींना शारीरिक कारण सापडलं. निव्वळ मानसिक कारण फक्त दोघींमध्ये होतं, आणि उरलेल्या तिघींमध्ये दोन्ही मिळून. खाण्याची आणि हवेतल्या गोष्टींची अ‍ॅलर्जी ही त्यातली मोठी कारणं होती.

तुमच्या मांजरीचं फक्त पोट उघडं पडलं आहे, म्हणून लघवीही तपासून घ्या. मूत्राशयाला सूज असली की मांजर दुखऱ्या जागेच्या वरची कातडी चाटत राहतं. ट्रेमध्ये वारंवार जाणं, थेंब थेंब होणं, बसून ओरडणं असं काही आहे का बघा. बोका असेल आणि लघवी पूर्ण बंद झाली असेल तर ती तातडीची वेळ आहे, त्वचेचा विचार बाजूला ठेवून लगेच दवाखाना गाठा.

आणि घरात राहणाऱ्या मांजराला पिसवा होत नाहीत, हे खरं नाही. त्या कपड्यांवरून, पाहुण्या प्राण्यांबरोबर येतात. अ‍ॅलर्जी असलेल्या मांजराला मोजके चावे पुरतात, आणि तेवढ्या पिसवा ते चाटून गिळूनही टाकतं. त्यामुळे पिसू सापडली नाही म्हणून पिसवा नाहीत असं म्हणता येत नाही.

तीन_मांजरांची_आई

मी गजकर्णाबद्दल लिहिते, कारण आमच्या घरातली तिन्ही मांजरं आणि दोन माणसं त्यातून गेली आहेत.

मांजरांमध्ये हा रोग बहुतेक वेळा मायक्रोस्पोरम कॅनिस नावाच्या बुरशीमुळे होतो. नवं पिल्लू आणलं आणि संसर्ग झाल्यावर एक ते तीन आठवड्यांत चट्टे दिसायला लागतात : गोलसर, केस तुटलेले, कडेला राखाडी कोंडा. पण पुस्तकातलं गोल वर्तुळ दरवेळी दिसतंच असं नाही. आमच्या मोठ्या लांब केसांच्या मांजराच्या अंगावर काहीच नव्हतं, तरी कल्चर, म्हणजे केसांवरची बुरशी प्रयोगशाळेत वाढवून बघायची तपासणी, पॉझिटिव्ह आलं. माझ्या हातावर लाल गोल चट्टे उठले आणि मग सगळा उलगडा झाला. पिल्लं, म्हातारी मांजरं, पर्शियनसारखी लांब केसांची मांजरं, आधीच आजारी असलेली मांजरं यांना हा जास्त धरतो.

डॉक्टरांनी अंधार करून वूड्स दिवा (अतिनील प्रकाशाचा दिवा) धरला, तेव्हा पिल्लाचे केस मुळाशी हिरवे चमकले. चमक केसांच्या दांड्यावर असली तरच ती खरी. कोंडा, मलम, धूळ यांवरही निळसर-पांढरी चमक येते, तिच्यावरून निदान करत नाहीत. नंतर नव्या टूथब्रशने अंगभर विंचरून त्याचं कल्चर लावलं. त्याला दोन-तीन आठवडे लागतात, पण बरं झालं का हे ठरवायलाही तेच उपयोगी पडतं.

उपचार दोन बाजूंनी झाले. पोटात इट्राकोनाझोल हे बुरशीनाशक, एक आठवडा द्यायचं, एक आठवडा सोडायचं, या पद्धतीने. आणि अंगाला आठवड्यातून दोनदा लाइम सल्फरचं (चुना-गंधकाचं) पाणी. वास सडक्या अंड्याचा, पांढऱ्या केसांवर पिवळट झाक, आणि दागिने काळे पडतात, पण काम चोख. ते पाणी अंगावरच वाळू द्यायचं असतं, धुवायचं नसतं, आणि वाळेपर्यंत चाटू नये म्हणून गळ्यात कॉलर घालायची.

घराच्या बाबतीत माझी फार घाबरगुंडी उडाली होती, कारण बीजाणू दीड वर्ष टिकतात असं वाचलं होतं. डॉक्टरांनी समजावलं की ते टिकले तरी घरात वाढत नाहीत, वाढतात ते प्राण्याच्या केसांत. म्हणून पहिलं काम केस उचलणं. मांजरांना सहज पुसता येईल अशा एका खोलीत ठेवलं. रोज केस गोळा करायचे, जमीन साबणाच्या पाण्याने धुवायची, आणि मग विरळ केलेलं ब्लीच. कापड दोनदा धुतलं की पुरतं. गालिचे गुंडाळून बाहेर काढले.

एक खबरदारी. ट्रे धुताना लघवीवर सरळ ब्लीच ओतू नका, लघवीतल्या अमोनियाशी मिळून विषारी वाफा होतात. आधी साबणाने स्वच्छ धुवायचं, मग ब्लीच, खिडकी उघडी ठेवून.

शंकेखोर

माझा मुद्दा थोडा वेगळा आहे. धडधाकट मांजराचं गजकर्ण आपोआप बरं होतं असं मीही वाचलंय. मग महिनोन्‌महिने गोळ्या कशाला? यकृतावर ताण येतोच की. त्यापेक्षा व्हिनेगर किंवा टी ट्री तेलासारखं नैसर्गिक काही लावलं तर काय बिघडलं? माणसांना चालतं.

प्राणिवैद्य

@शंकेखोर, पहिला भाग बरोबर आहे, धडधाकट मांजर काही आठवड्यांत किंवा काही महिन्यांत स्वतःहून बरं होतं. पण तेवढा काळ ते घरभर बुरशीने भरलेले केस टाकत राहतं. घरात लहान मूल, गरोदर बाई, म्हातारं माणूस किंवा केमोथेरपी चालू असलेलं कुणी असेल तर तेवढं थांबणं परवडत नाही. यकृताची काळजीही रास्त आहे, म्हणूनच आधी आणि मधे रक्त तपासतात, आणि आठवडाआड देण्याची पद्धत वापरतात. ग्रिसिओफुल्विन हे जुनं औषध गाभण मांजरीला अजिबात देत नाहीत, पिल्लांत जन्मजात दोष येतात.

दुसऱ्या भागाशी मात्र मी अजिबात सहमत नाही, आणि हे इथे ठळकपणे लिहून ठेवावं असं वाटतं. काही पदार्थ शरीराबाहेर टाकण्याचा यकृतातला एक रासायनिक मार्ग मांजरात फार दुबळा आहे, त्याला ग्लुकुरोनिडेशन म्हणतात. माणसाला आणि कुत्र्याला जे पचतं ते मांजराच्या अंगात साठत जातं. शिवाय अंगाला लावलेली प्रत्येक गोष्ट ते चाटतं, म्हणजे ती पोटात जातेच.

टी ट्री तेलाने मांजरं लडखडतात, अंग थंड पडतं, थरथर सुटते, जीवही जाऊ शकतो. लिंबूवर्गीय आणि इतर सुगंधी तेलांनीही विषबाधा होते. फिनॉल असलेली जंतुनाशकं, पाण्यात टाकल्यावर दुधाळ होणारी, अंगाला तर नाहीच, मांजर फिरतं त्या फरशीवरही नकोत. व्हिनेगरने विषबाधा होणार नाही, पण खाजवून सोललेल्या कातडीवर ते टाकल्यावर किती झोंबेल याचा विचार करा, आणि गजकर्ण काही त्याने जात नाही. माणसांची स्टेरॉइड आणि बुरशीनाशक एकत्र असलेली मलमं लावली की लाली तात्पुरती दबते, बुरशी पसरत राहते, आणि नंतर निदान अवघड होतं. खाजवून दुखत असेल म्हणून पॅरासिटामॉल देणारेही भेटतात. एक गोळी मांजराचा जीव घ्यायला पुरेशी आहे.

दुपारची_उन्हं

याच यादीत कुत्र्यांचं पिसवांचं औषध घाला. आमच्या शेजारच्या घरी कुत्र्यासाठी आणलेल्या मानेवर टाकायच्या औषधाचे चार थेंब मांजरीला टाकले. संध्याकाळपर्यंत तिचे कान, चेहरा फडफडायला लागले आणि रात्री झटके आले. दवाखान्यात ठेवून वाचली. डबीवर "पर्मेथ्रिन" लिहिलेलं होतं. कुणीतरी तिथल्या तिथे नेमकं काय करायचं ते सांगाल का?

प्राणिवैद्य

मांजर शुद्धीवर असेल, झटके येत नसतील तर कोमट पाणी आणि भांड्यांचा सौम्य साबण वापरून मानेवरचं औषध धुऊन काढा, कोरडं करा, उबेत ठेवा आणि डबी बरोबर घेऊन लगेच निघा. पाणी गरम नको, गरम पाण्याने औषध जास्त शोषलं जातं. थरथर किंवा झटके सुरू झाले असतील तर धूत बसू नका, सरळ निघा. "थोडं बघू" असं करू नका, लक्षणं काही तासांनी सुरू होतात आणि दिवस-दोन दिवसही चालतात.

कुत्र्याला असं औषध लावलं असेल तर ते वाळेपर्यंत मांजराला त्याच्याजवळ झोपू देऊ नका. कुत्र्यांच्या गोचिडांवरचं अमिट्राझही मांजराला नको.

काळी_मनी

पिसवांचं मी सविस्तर लिहायचं ठेवलं होतं, ते आता लिहिते.

ओल्या कागदाची परीक्षा सगळ्यांनी करून बघावी. बारीक दातांच्या फणीने कमर आणि शेपटीचं मूळ विंचरा, निघालेली काळी कणी ओल्या पांढऱ्या टिश्यूवर टाका. भोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. तसाच काळा राहिला तर माती.

अंगावरच्या पिसवा म्हणजे घरातल्या एकूण पिसवांचा अगदी छोटा हिस्सा, साधारण शेकडा पाच. बाकी अंडी, अळ्या आणि कोश असतात गाद्यांत, फटींत, सोफ्याखाली. एक मादी दिवसाला चाळीस-पन्नास अंडी घालू शकते आणि ती अंडी गुळगुळीत असल्याने अंगावरून गळून पडतात. कोशातली पिसू औषधाला दाद देत नाही. ती आत महिनोन्‌महिने थांबू शकते आणि चालण्याची थरथर, ऊब, श्वास जाणवला की बाहेर येते. "औषध टाकलं तरी पिसवा दिसताहेत, औषध नकली आहे" असं लोक म्हणतात त्याचं खरं कारण बरेचदा हे असतं.

म्हणून घरातल्या प्रत्येक प्राण्याला, वजनाप्रमाणे, निदान तीन महिने सलग औषध द्यायचं. एकाला देऊन दोघांना सोडलं तर सगळं वाया. व्हॅक्यूम नेमाने, आणि त्याची पिशवी लगेच घराबाहेर टाकायची. अंथरुणं गरम पाण्यात. पिसू गिळल्यामुळे मांजराला पट्टकृमी होतात, तेव्हा जंताचं औषधही विचारून घ्या. गुदाजवळ तांदळासारखे कण दिसले तर ते हेच.

अगदी लहान पिल्लांच्या अंगावर खूप पिसवा असतील तर रक्त कमी होऊन ती दगावतात. हिरड्या पांढरट दिसल्या तर वेळ घालवू नका. माझ्याकडे येणाऱ्या पिल्लांत मी सगळ्यात आधी हिरड्या बघते, अंग नंतर. बहुतेक औषधं फार कोवळ्या पिल्लांना चालत नाहीत, त्यांना फणीनेच विंचरावं लागतं.

तीन_मांजरांची_आई

अगं, कानांतल्या माइट्सबद्दलही लिही ना. पिल्लांमध्ये ते सर्रास असतात.

काळी_मनी

हो. कानात कॉफीच्या चोथ्यासारखा कोरडा काळपट मळ, सतत डोकं झटकणं, कानामागे ओरखडे. ओटोडेक्टिस नावाचे माइट्स, कान तपासायच्या यंत्रातून बघितलं तर पांढरे ठिपके हलताना दिसतात. काडीला कापूस लावून खोल टोचू नका. आता मानेवर टाकायची सेलामेक्टिन, मॉक्सिडेक्टिनसारखी औषधं आहेत, त्यात कानाला रोज हात लावावा लागत नाही. हेही एका मांजरातून दुसऱ्यात सहज जातात. खूप झटकल्याने कानाची पाळी फुगून रक्ताची गाठ झाली तर ती वेगळी दाखवावी लागते.

कानाच्या कडेपासून सुरू होऊन कपाळावर, मानेवर जाड राखाडी खपल्या चढत असतील आणि मांजर खाजेने वेडंपिसं होत असेल तर ती मांजराची खरूज, नोटोएड्रिस. ती माणसालाही तात्पुरती खाजवते. आणि पाठीवरचा कोंडा बारकाईने बघितल्यावर हलताना दिसला तर चेलेटिएला नावाचे माइट्स. साधा कोंडा मात्र जाड किंवा म्हाताऱ्या मांजरांत कमरेवर जमतो, कारण त्यांची जीभ तिथवर पोचत नाही. म्हाताऱ्या मांजराने अंग चाटणंच सोडलं असेल तर सांधे, दात आणि थायरॉइड तपासून घ्या, नुसता ब्रश फिरवून भागणार नाही.

निळी_छत्री

आमच्या बोक्याच्या हनुवटीवर काळे ठिपके आहेत, पुसले तरी जात नाहीत. मधे एकदा सुजून पू आला होता. आणि वरच्या ओठाला एका बाजूला खळगा पडल्यासारखं झालंय, पण तो खाताना तक्रार करत नाही. दोन्ही एकच आहे का?

प्राणिवैद्य

बहुधा वेगळी आहेत. हनुवटीवरचं म्हणजे मांजरांचं अ‍ॅक्ने, केसांची मुळं तेलकट मळाने बुजतात. सौम्य असेल तर त्याचा त्रास नसतो. प्लास्टिकच्या भांड्याऐवजी स्टील किंवा काचेचं वापरून रोज धुवा, आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या तीव्रतेच्या क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाने हलक्या हाताने पुसा. ठिपके नखाने पिळू नका, मुळं आत फुटून सूज वाढते. पू, सूज असेल तर जंतूंची तपासणी आणि अँटिबायोटिक. माइट्स आणि बुरशीही हनुवटीवर असंच दिसू शकते, म्हणून एकदा खरवडून बघितलेलं बरं.

ओठाचं वर्णन इओसिनोफिलिक व्रणाशी जुळतं. दिसायला भयंकर, दुखायला बहुधा नाही. हा स्वतंत्र आजार नाही, मागे अ‍ॅलर्जी शोधायची. पण जुना, न भरणारा, एका बाजूने वाढत जाणारा व्रण असेल तर तुकडा काढून तपासायलाच हवा, कारण कर्करोगही तिथे होतो. पुढच्या भेटीत दाखवा.

खिडकीतला_बोका

@प्राणिवैद्य, केसांची टोकं तुटलेली निघाली. लघवी स्वच्छ. पिसवांचं औषध तिन्ही महिने नेमाने दिलं, चाटणं कमी झालं पण थांबलं नाही. आता डॉक्टर खाण्याची परीक्षा म्हणताहेत. दुसरीकडे एका ठिकाणी म्हणाले की रक्तावरून खाण्याची अ‍ॅलर्जी कळते, एवढा खटाटोप कशाला. काय करू?

प्राणिवैद्य

खटाटोपच करा. खाण्याची अ‍ॅलर्जी ओळखायला रक्त, लाळ, केस यांच्या चाचण्या भरवशाच्या नाहीत. मांजराने पूर्वी कधीच न खाल्लेलं एकच प्रथिन, किंवा ज्यातली प्रथिनं अतिशय बारीक तोडलेली आहेत असं डॉक्टरांनी दिलेलं खाणं, निदान आठ आठवडे. अ‍ॅलर्जी असलेल्या दहातल्या नऊ मांजरांना तेवढ्यात आराम पडतो. दोन आठवड्यांत फरक नाही म्हणून सोडणारे फार असतात, आणि मग "खाण्याचं काही नव्हतं" असा चुकीचा शेरा त्या मांजराच्या कागदावर कायमचा बसतो.

या काळात तेच आणि तेवढंच. जंताची चवदार गोळी, दुसऱ्या मांजराच्या ताटलीतला घास, पाहुण्यांनी दिलेला तुकडा, सगळं बंद. अनेक मांजरं असतील तर सगळ्यांना तेच खाणं देणं सोपं पडतं. मात्र मांजराने नवं खाणं नाकारून दोन दिवस उपाशी काढले, असं होऊ देऊ नका. विशेषतः जाड मांजर उपाशी राहिलं तर यकृतात चरबी साचून जिवावर बेतते. बदल हळूहळू करा.

बरं वाटलं की अर्धंच काम झालं. मग जुनं खाणं परत द्यायचं. खाज परतली तर निदान पक्कं. बरेचजण इथे कचरतात, आणि ते समजू शकतो, पण याशिवाय खात्री होत नाही. मांजरांत बीफ, मासे, चिकन यांची नावं वारंवार येतात, त्यामुळे "धान्यविरहित" लिहिलेली पिशवी आणली म्हणजे प्रश्न सुटला असं होत नाही.

शंकेखोर

टी ट्रीबद्दल माहीत नव्हतं, समजावून सांगितल्याबद्दल आभार. आणखी एक. खाजेवर एक इंजेक्शन देतात, महिनाभर मांजर शांत. ते दर वेळी घेत राहिलं तर?

प्राणिवैद्य

ते बहुधा लांब टिकणारं स्टेरॉइड. एखाद्या वेळी, गोळी देणं अशक्यच असेल तर, त्याचा उपयोग आहे. पण एकदा टोचलं की परत काढून घेता येत नाही. वारंवार दिल्याने मधुमेह होऊ शकतो, आणि आधीच दुबळ्या हृदयाच्या मांजरात हृदय निकामी होऊ शकतं. रोजची प्रेडनिसोलोनची गोळी निदान कमी करत नेता येते. प्रेडनिसोनचं मांजराच्या शरीरात प्रेडनिसोलोनमध्ये रूपांतर नीट होत नाही, म्हणून नाव वाचून घ्या. कायमची अ‍ॅलर्जी असेल तर सायक्लोस्पोरिनचा, म्हणजे प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाचा, पर्याय विचारा. त्याचा परिणाम दिसायला चार-सहा आठवडे लागतात आणि ते चालू असताना कच्चं मांस, शिकार बंद. आणि मुख्य म्हणजे गजकर्ण नाही याची खात्री केल्याशिवाय स्टेरॉइड नको.

तीन_मांजरांची_आई

एक राहिलं. भांडणातल्या चाव्यांना लोक त्वचारोग समजतात. दातांची भोकं वरून पटकन बुजतात, आत पू साठतो. दोन-तीन दिवसांनी गरम गाठ, ताप, खाणं बंद, मग फुटून दुर्गंधी. डोकं, पुढचे पाय, शेपटीचं मूळ बघा. ते पिळून भागत नाही, निचरा आणि अँटिबायोटिक लागतं. रेबीजची लस टोचलेली आहे की नाही, तेही त्याच वेळी तपासा.

दुपारची_उन्हं

आमची मांजरी पूर्ण पांढरी आहे. तिच्या कानांच्या टोकांना बारीक खपल्या धरतात, पडतात, परत येतात. खाज नाही. मी साधी सुकलेली कातडी समजत होते, पण वरची न भरणाऱ्या व्रणाची ओळ वाचून विचारतेय. वय बरंच आहे. दिवसभर उन्हात लोळते.

प्राणिवैद्य

@दुपारची_उन्हं, हे पुढे ढकलू नका. पांढऱ्या कानांना, नाकाला, पापण्यांना रंगद्रव्याचं संरक्षण नसतं. वर्षानुवर्षांच्या उन्हाने आधी लाली, कोंडा, मग येत-जात राहणाऱ्या खपल्या, आणि पुढे त्याच जागी स्क्वॅमस सेल नावाचा त्वचेचा कर्करोग होऊ शकतो. खाज नसणं हे इथे दिलासा देणारं लक्षण नाही. गजकर्ण, माइट्स आणि पेम्फिगस नावाचा प्रतिकारशक्तीचा आजारही कानांवर खपल्या आणतात. पेम्फिगसमध्ये नखांच्या मुळाशी घट्ट पू दिसतो, तेही बघून जा.

डॉक्टरांना बायोप्सीबद्दल (तुकडा काढून तपासण्याबद्दल) स्पष्ट विचारा. दवाखान्यात जाण्याआधी खपली धुऊन, खरवडून काढू नका, तपासायला तीच हवी असते. लवकर सापडलं तर कानाची कड कापून टाकली की बहुतेक मांजरं पुढे नीट जगतात, कान थोडे आखूड दिसतात एवढंच. दुपारच्या कडक उन्हाच्या वेळी तिला आत ठेवा. माणसांचं सनस्क्रीन लावू नका, त्यातलं झिंक ऑक्साइड आणि सॅलिसिलेट चाटून पोटात गेलं तर विषारी ठरतं. मांजरांसाठी चालणारं कोणतं ते डॉक्टरांना विचारा.

दुपारची_उन्हं

उद्या सकाळची वेळ घेतली आहे. दोन्ही कानांचे आणि नाकाचे फोटो आजच काढून ठेवले, नखंही बघितली, तिथे काही नाही. बायोप्सीचा अहवाल आला की इथेच लिहिते.